विद्वानाची उमेदवारी

मराठींत 'डॉक्टर' हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो नाडी पाहणारा वैद्य. ग्रंथांच्या किंवा प्रयोगशाळेच्या वाटेनें डॉक्टर झालेल्या विद्वानाला आपण औषध देणारे नव्हे, असा खुलासा पुष्कळदां करावा लागतो. शब्दाचा इतिहास पाहिला तर मात्र ह्या दुसऱ्याचाच हक्क अधिक जुना ठरतो. लॅटिन भाषेंत 'डोकेरे' म्हणजे शिकविणें आणि 'डॉक्टर' म्हणजे शिकविणारा. युरोपांतील मध्ययुगीन विद्यापीठांनीं हा शब्द पदवी म्हणून स्वीकारला तेव्हां एक विशिष्ट धंदा करण्यास लायक ठरलेला मनुष्य, एवढाच त्याचा अर्थ होता.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधनाखेरीज आणखी कांहीं शिकवावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां आपल्या विद्यापीठांच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालच्या नियमांनीं पीएच्. डी. च्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग त्याचा विषय कोणताही असो, आपल्या विषयाच्या अध्यापनाचें व लेखनाचें शिक्षण घेणें आवश्यक केलें. अशा शिक्षणाविषयीं दोन मतें ऐकूं येतात. ज्ञानाच्या उपासनेंत नोकरीधंद्याची भेसळ झाली तर उपासनेचें तेज जाईल, असें एक पक्ष म्हणतो. पांच-सहा वर्षें एका बारीक विषयांत घालवून बाहेर पडलेल्या तरुणाला धड पत्र लिहितां येत नाहीं कीं चार लोकांपुढें आपलें काम समजावून सांगतां येत नाहीं, तेव्हां अशी पदवी काय कामाची, असें दुसरा पक्ष विचारतो. दोघांचे निष्कर्ष विरुद्ध असले तरी एका गोष्टीवर त्यांचें एकमत आहे. डॉक्टरेट ही मूळची शुद्ध ज्ञानासाठीं निर्माण झालेली वस्तु असून व्यवहारकौशल्याचें कलम तिच्यावर अलीकडे केलेलें आहे, हें दोघेही गृहीत धरतात. इतिहास ह्या समजुतीला दुजोरा देत नाहीं. तो काय सांगतो आणि त्यावरून आपल्याला काय घेण्यासारखें आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत बोलोन्या, पॅरिस इत्यादि शहरांतून विद्यापीठें उदयास आलीं, तीं कारागिरांच्या पेढ्यांच्या व संघांच्या शेजारीं. त्यांची घडणही त्या संघांसारखीच होती. सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखालीं पोरानें ठराविक वर्षें उमेदवारी करावी, मग कारागीर व्हावें, आणि शेवटीं आपल्या हातचें काम जाणत्यांना दाखवून उस्ताद व्हावें, ही जी रीत, तीच विद्येच्या क्षेत्रांत उतरली. विद्यार्थी ठराविक वर्षें व्याख्यानें ऐके, वादविवादांत भाग घेई, पुढें स्वतः कांहीं पाठ देई. त्यानंतर त्याला शिकविण्याचा परवाना मिळे. अखेरच्या समारंभांत तो गुरुजनांसमोर आपलें पहिलें व्याख्यान देई, आणि त्याला टोपी, अंगठी व ग्रंथ देऊन आपल्यांत सामावून घेतलें जाई. ह्या साऱ्या विधींत नवीन शोध लावल्याचा पुरावा कोणी मागत नसे. उभें राहून शिकवितां येतें काय आणि विरोधकाच्या आक्षेपांना उत्तर देतां येतें काय, हीच परीक्षा होती. पदवी आणि धंद्याचें कसब ह्यांमध्यें त्या काळीं भेदच नव्हता.

पुढील शतकांत ह्या संस्थेला उतरती कळा लागली. जर्मनींतील कित्येक विद्यापीठांत प्रबंध अध्यक्षस्थानीं बसणाऱ्या प्राध्यापकानें लिहावा व विद्यार्थ्यानें फक्त त्याचें समर्थन करावें, असा प्रघात पडला होता. प्राध्यापक प्रबंधाचा धनी आणि विद्यार्थी त्याचा वकील, अशी ती व्यवस्था होती. पदवी उरली, उमेदवारी मात्र लोपली. ह्या निर्जीव झालेल्या देहांत प्राण आणण्याचें श्रेय अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील दोन नव्या संस्थांना आहे: एक चर्चावर्ग, ज्याला जर्मन लोक 'सेमिनार' म्हणत, आणि दुसरी प्रयोगशाळा. ह्या दोहोंचा जन्म कशांतून झाला हें पाहण्यासारखें आहे.

ग्योटिंगेन येथील विद्यापीठांत १७३८ च्या सुमारास योहान माटियास गेस्नर ह्यानें प्राचीन भाषांचा चर्चावर्ग चालू केला. लॅटिन शाळांना चांगले शिक्षक मिळावेत हा त्याचा हेतु होता. हाल्ले येथें १७८७ सालीं फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ ह्यानें असाच वर्ग काढला. त्याचेंही काम माध्यमिक शाळांसाठीं शिक्षक घडविण्याचेंच होतें. अशा वर्गांत विद्यार्थी मोजके घेत व त्यांना कांहीं वेतन देत. प्रत्येकानें पाळीपाळीनें एखाद्या प्राचीन ग्रंथांतील उतारा समजावून सांगावा, निबंध लिहून आणावा आणि सोबत्यांनीं त्यावर हल्ला चढवावा, असा क्रम असे. १८१० सालीं बर्लिनचें विद्यापीठ निघालें आणि त्याच वर्षीं प्रशियाच्या सरकारनें वरच्या शाळांतील शिक्षकांसाठीं स्वतंत्र परीक्षा सुरू केली. ह्या योगायोगाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. शुद्ध ज्ञानाचें मंदिर म्हणून जें विद्यापीठ पुढें जगभर गाजलें, त्याच्या चर्चावर्गांत बसणाऱ्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ही शिक्षकाची परीक्षा होती. ह्याच परंपरेंत पुढें लिओपोल्ड रांके ह्यानें बर्लिन येथें निवडक विद्यार्थ्यांना घरीं बोलावून मूळ कागदपत्रें तपासण्याचा सराव देण्यास आरंभ केला. त्याच्या तालमींत तयार झालेले वाइट्स, झीबेल इत्यादि विद्यार्थी जर्मनींतील इतिहासाच्या अध्यासनांवर बसले. पुरावा कसा पारखावा हें ते पुस्तकांतून शिकले नाहींत. गुरूच्या टेबलाशीं बसून, चुका करून आणि त्या दुरुस्त करून शिकले.

प्रयोगशाळेची कथा ह्याहून उद्बोधक आहे. युस्टुस लीबिग हा १८२४ सालीं गीसेन येथील लहानशा विद्यापीठांत रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला तेव्हां त्याचें वय अवघें २१ वर्षांचें होतें. त्याची स्वतःची डॉक्टरेट एर्लांगेन विद्यापीठानें १८२३ सालीं, तो पॅरिसमध्यें शिकत असतांना, परभारें बहाल केली होती. जुन्या ढिलाईचा फायदा त्यालाही मिळाला होता. गीसेन येथें आल्यावर दोन सहकाऱ्यांसह त्यानें औषधें बनविणाऱ्यांसाठीं व कारखान्यांत जाणाऱ्यांसाठीं एक शिक्षणसंस्था विद्यापीठाच्या अंगभूत असावी, अशी योजना मांडली. विद्यापीठाच्या श्रेष्ठींनीं ती नाकारली. भावी सरकारी अंमलदार तयार करणें हें विद्यापीठाचें काम आहे. औषधवाले, साबण करणारे, दारू गाळणारे आणि रंगारी तयार करणें हें नव्हे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. तेव्हां लीबिगनें ही संस्था खाजगी म्हणून चालविली. जागा मिळाली ती रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकीच्या पहारेकऱ्यांच्या चौकींत. आधुनिक जगांतील संशोधकांच्या शिक्षणाचा नमुना म्हणून जिच्याकडे बोट दाखविलें जातें ती प्रयोगशाळा अशी, औषधवाल्यांचा वर्ग म्हणून, पहारेकऱ्यांच्या चौकींत जन्मास आली.

ह्या चौकींतील शिक्षणाची रीत कशी होती? नवख्यानें प्रथम पृथक्करणाचा हात बसवावा. त्याला ठराविक पदार्थ देत आणि त्यांत काय काय आहे हें त्यानें स्वतः शोधून काढावयाचें असे. हात बसला कीं त्याला स्वतंत्र प्रश्न मिळे. रोज सकाळीं प्रत्येकानें आदल्या दिवशीं काय केलें आणि त्यावरून त्याला काय वाटतें, हें लीबिगला सांगावयाचें. तो होकार देई किंवा दोष दाखवी, परंतु वाट ज्याची त्यानेंच काढावयाची. एकाचें काम दुसऱ्याच्या नजरेसमोर चाले, त्यामुळें सोबत्यांकडूनही पुष्कळ शिकावयास मिळे. १८३१ सालीं लीबिगनें पांच फुग्यांचें एक कांचेचें उपकरण प्रसिद्ध केलें. सेंद्रिय पदार्थांतील कार्बनचें प्रमाण त्यानें इतक्या सुलभतेनें काढतां येऊं लागलें कीं, पूर्वीं जें काम एखाद्या सिद्धहस्त रसायनज्ञालाच साधे तें शिकाऊ तरुणांना साधूं लागलें. शिवाय लीबिग स्वतः एका नियतकालिकाचा संपादक होता. शिष्यांचे शोध त्यांत छापले जात, आणि निबंध कसा लिहावा, कोणता दावा करावा व कोणता करूं नये, ह्याचें शिक्षण आपोआपच मिळे. आज ज्यांना संशोधकाचीं व्यवहारकौशल्यें म्हणून वेगळें नांव देण्यांत येतें, त्यांतील बहुतेक ह्या एका दालनांत शोधाबरोबर शिकविलीं जात होतीं. तीं वेगळीं नव्हतीं म्हणूनच त्यांना वेगळें नांव नव्हतें.

फळ काय मिळालें तेंही पाहावें. लीबिगचा शिष्य आउगुस्ट व्हिल्हेल्म होफमान हा १८४५ सालीं लंडन येथें नव्या रसायन महाविद्यालयाचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखालच्या विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या मुलानें १८५६ सालीं जांभळा कृत्रिम रंग शोधून काढला आणि एका नव्या उद्योगाचा पाया घातला. औषधवाल्यांना व रंगाऱ्यांना दारांत उभें न करणाऱ्या विद्वत्सभेला काळानें दिलेलें हें उत्तर आहे.

जर्मनींतील हा नमुना अटलांटिक महासागर ओलांडून गेला. येल विद्यापीठानें १८६१ सालीं अमेरिकेंतील पहिल्या तीन पीएच्. डी. पदव्या दिल्या. १८७६ सालीं बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठ उघडलें, त्याचा मुख्य भरच संशोधक विद्यार्थ्यांवर होता. दरसाल ५०० डॉलरांच्या २० शिष्यवृत्त्या त्यानें ठेवल्या. परंतु ह्या प्रवासांत एक फरक पडला. अमेरिकेंतील वाढत्या महाविद्यालयांना शिक्षक हवे होते, आणि शिक्षकाच्या लायकीची खूण म्हणून तीं पीएच्. डी. मागूं लागलीं. पदवी देणारीं विद्यापीठें मात्र शोध कसा करावा हें शिकवीत. वर्गांत कसें शिकवावें ह्याचा पाठ देत नसत. हार्वर्ड येथील तत्त्ववेत्ता विल्यम जेम्स ह्यानें १९०३ सालीं एका प्रसिद्ध लेखांत ह्या पदवीला अष्टपाद जलचराची उपमा देऊन तिच्या विळख्याविषयीं इशारा दिला. तत्त्वज्ञानांत चमकलेल्या एका तरुणाला वाङ्मय शिकविण्याच्या जागेवर नेमल्यावर, केवळ त्याच्यापाशीं ही तीन अक्षरें नाहींत म्हणून, संस्थाचालक कसे अडून बसले, ही हकीकत त्यानें सांगितली. ज्या पदवीचा मूळ अर्थच 'शिकविणारा' असा, ती शिकविण्याची तयारी न करतां शिक्षकाच्या नांवापुढें लागूं लागली. इंग्लंडनें तर ही पदवी पुष्कळ उशिरां, म्हणजे १९१७ सालीं ऑक्सफर्डपासून, स्वीकारली. जर्मनीकडे जाणारे परदेशी विद्यार्थी आपल्याकडे वळावेत हा त्यामागें एक हेतु होता.

ह्याच काळांत अमेरिकेंत शिकलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांचीं चरित्रें ह्या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनीं कॉर्नेल विद्यापीठाची पीएच्. डी. १९११ सालीं मिळविली. हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ त्यापूर्वींच, १९०९ सालीं, प्रसिद्ध झाला होता. स्वदेशीं आल्यावर त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला आणि त्यासाठीं १९१६ सालीं नागपुरास मर्यादित भांडवलाची मंडळी काढली. भाग विकून पैसा उभा करणें, वर्गणीदार मिळविण्यासाठीं गांवोगांव हिंडणें, लेखकांचा वर्ग जुळवून त्याच्याकडून मुदतींत काम करून घेणें, छपाईची व्यवस्था लावणें, ह्या गोष्टी संशोधनाच्या परीक्षेंत कोणी विचारलेल्या नव्हत्या. तरी २३ खंडांचा ज्ञानकोश पुरा झाला तो ह्या गोष्टी त्यांनीं प्रत्यक्ष कामांत पडून शिकून घेतल्या म्हणून. विद्वत्तेला व्यवहाराची जोड मिळाली नसती तर ती विद्वत्ता एका कपाटांत राहिली असती.

दुसरें उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचें. बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन ते १९१३ सालीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथील नियमाप्रमाणें प्रबंधाच्या छापील प्रती सादर झाल्याखेरीज पीएच्. डी. मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक जमाखर्चाच्या विकासावरील त्यांचा प्रबंध, त्यांचे गुरु प्राध्यापक सेलिग्मन ह्यांच्या प्रस्तावनेसह, लंडन येथें १९२५ सालीं पुस्तकरूपानें निघाला आणि पदवी १९२७ सालीं मिळाली. मधल्या काळांत त्यांनीं सिडनहॅम महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकविलें, वृत्तपत्र काढलें, बॅरिस्टरी केली आणि लंडनची डी. एस्सी. ही मिळविली. शोध लोकांपुढें छापून आणणें हा पदवीचाच एक भाग असावा, ही कोलंबियाची अट मुळांत योग्य होती. पण अट घालणें निराळें आणि ती पुरी करण्याची वाट दाखविणें निराळें. प्रकाशक गांठण्याचा व छपाईचा भार विद्यार्थ्याच्या माथीं पडे. ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्यांचा पैसा व ओळखी, त्याला तो हलका वाटे. ज्याच्या घरीं ह्यांतलें कांहींच नाहीं, त्याचीं वर्षें त्याच्याखालीं जात.

केतकर आणि आंबेडकर ह्यांच्यासारखी असामान्य माणसें कोणत्याही व्यवस्थेंतून पार होतात. म्हणून व्यवस्थेची परीक्षा त्यांच्यावरून करूं नये. ती सामान्य विद्यार्थ्यावरून करावी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य विद्यार्थ्यांची संख्या झपाट्यानें वाढली. अमेरिकेंत १९६० सालीं सुमारें १०,००० लोकांना डॉक्टरेट मिळाली; १९७० सालीं हा आंकडा सुमारें ३०,००० वर गेला. १९५७ सालीं रशियानें अवकाशांत उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकन सरकारनें उच्च शिक्षणावर जो पैसा ओतला, त्याचा ह्या वाढींत मोठा वांटा होता. १९७० नंतर ओघ आटला आणि विद्यापीठांतील जागा कमी पडूं लागल्या. मार्गदर्शकाच्या जागीं शिष्यानें बसावें, ह्या गृहीतकावर सारी उमेदवारी उभी होती. सुताराच्या हाताखालीं वीस उमेदवार आणि गांवांत दुकान एकच, अशी अवस्था झाली. शिवाय एका मार्गदर्शकाच्या भोंवतीं जमणारा मेळा वाढला तेव्हां रोज सकाळीं प्रत्येकाचें ऐकून घेणारा लीबिग कोठून आणावयाचा?

उत्तर म्हणून वेगळ्या शिक्षणाची कल्पना पुढें आली. १९९३ सालीं अमेरिकेंतील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघानें व महाविद्यालयांच्या एका संघानें मिळून भावी प्राध्यापकांना अध्यापनाची तयारी देणारी योजना सुरू केली. १९९५ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीनें असें सुचविलें कीं, शास्त्राच्या व यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेरील कामांचीही कल्पना व तयारी द्यावी. युरोपांत २००५ सालीं साल्झबुर्ग येथें दहा तत्त्वें ठरलीं. मूळ संशोधनानें ज्ञानांत भर घालणें हाच डॉक्टरेटचा गाभा, असें पहिलें तत्त्व सांगतें. परंतु विद्यापीठाबाहेरील नोकऱ्यांच्या गरजाही तिनें भागवाव्यात, हें त्याच वाक्यसमूहांत मान्य केलेलें आहे.

ह्या बाबतींत सर्वांत पद्धतशीर प्रयोग इंग्लंडांत झाला. तेथील अर्थखात्यानें भौतिकशास्त्रज्ञ सर गॅरेथ रॉबर्ट्‌स ह्यांच्याकडे चौकशी सोंपविली आणि त्यांचा अहवाल २००२ सालीं निघाला. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचें विद्यावेतन वाढवावें आणि प्रत्येकाला वर्षांतून निदान दोन आठवडे व्यवहारकौशल्याचें खास शिक्षण मिळावें, अशा त्यांच्या शिफारसी होत्या. सरकारनें त्यासाठीं दरवर्षीं सुमारें २ कोटि पौंड वेगळे काढून दिले. लेखन, भाषण, कामाची आंखणी, पैशाचा हिशेब, संशोधनांतील नीति, पुढील धंद्याची निवड, ह्या विषयांचे वर्ग विद्यापीठाविद्यापीठांतून निघाले. २०१० सालीं संशोधकाच्या गुणांचा एक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत चार मुख्य विभाग, बारा पोटविभाग आणि एकूण ६३ गुण मांडलेले होते. २०११ सालीं मात्र हा राखून ठेवलेला निधि बंद झाला.

ह्या प्रयोगानें काय साधलें? पूर्वीं जें नशिबावर अवलंबून होतें तें हक्कानें मिळूं लागलें, हा मोठाच लाभ होय. चांगला मार्गदर्शक मिळाला त्याला सर्व कांहीं शिकावयास मिळे आणि न मिळाला त्याला कांहींच नाहीं, ही जुनी रीत न्यायाची नव्हती. परंतु ६३ गुणांची यादी आणि लीबिगची सकाळ ह्यांतील अंतरही ध्यानांत घेतलें पाहिजे. जें कसब काम करतांना हातांत येतें तें कामापासून सोडवून वर्गांत आणलें कीं त्याचा उपदेश होतो. परगांवाहून आलेला व्याख्याता रसायनज्ञ, इतिहासकार व गणिती ह्यांना एकाच दालनांत बसवून निबंध कसा लिहावा हें सांगतो. पण रसायनाचा निबंध व इतिहासाचा निबंध ह्यांची घडणच निराळी. विद्यार्थी हजेरी देतो, प्रमाणपत्र घेतो आणि आपल्या टेबलाकडे परत जातो. तेथें मार्गदर्शक त्याला गेलेल्या वेळाचा हिशेब विचारतो. जेथें मार्गदर्शकानें हें शिक्षण आपलेंच मानलें तेथें तें मुरतें, जेथें त्याला तें उपद्रव वाटतें तेथें वरवर राहतें.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालीं, तीं मुख्यतः परीक्षा घेणारीं म्हणून. संशोधनाचें काम तेथें पुष्कळ उशिरां रुजलें आणि परीक्षेची छाया त्यावर राहिली. तरीही उमेदवारीची खरी परंपरा आपल्या भूमींत कधीं लागलीच नाहीं असें नव्हे. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. शहरांत कापडगिरण्या होत्या आणि कापडाच्या रसायनाची व रासायनिक यंत्रविद्येची गरज डोळ्यांसमोर होती. १९३८ सालीं के. वेंकटरामन ह्या विभागाचे पहिले हिंदी संचालक झाले. रंगद्रव्यांवरील संशोधनाची शाखा त्यांनीं तेथें जोपासली, आणि १९५७ सालीं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. प्रयोगशाळा आणि उद्योग ह्यांच्यामध्यें रहदारी असली म्हणजे विद्येचें तेज कमी होतें, ही भीति ह्या विभागाच्या इतिहासानें खोटी ठरविली.

परंतु असे विभाग थोडे, आणि विद्यार्थी मात्र वाढत गेले. २०१४-१५ सालीं देशांत पीएच्. डी. साठीं नांव नोंदविलेले विद्यार्थी १ लक्ष १७ हजार होते. २०२१-२२ सालीं ते २ लक्ष १२ हजार झाले. नियमही वाढले. २००९ सालीं निदान एका सत्राचा अभ्यासक्रम आवश्यक झाला. २०१६ च्या नियमांनीं प्रबंध सादर करण्यापूर्वीं एक निबंध मान्य नियतकालिकांत छापलेला असावा आणि दोन निबंध परिषदांत वाचलेले असावेत, अशी अट घातली. ह्या अटीचा परिणाम सांगण्यासारखा आहे. निबंध छापून आणण्याचें कसब कोणी शिकविलें नाहीं, तें असल्याचा पुरावा मात्र मागितला. तेव्हां पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार तेजींत आला. शिष्यवृत्तीच्या पैशांतून छपाईचें मोल देऊन अट पुरी करणें हा अडलेल्या विद्यार्थ्याला सोपा मार्ग वाटूं लागला. २०१९ सालीं आयोगानें संशोधन व प्रकाशन ह्यांतील नीतीचा अभ्यासक्रम आवश्यक केला, आणि २०२२ सालीं छापील निबंधाची सक्तीच काढून टाकली. त्याच नियमांनीं एका प्राध्यापकाकडे एका वेळीं आठांहून अधिक विद्यार्थी असूं नयेत ही मर्यादा ठेवली, आणि विद्यार्थ्याला आठवड्यांतून चार ते सहा तास अध्यापनाचें किंवा संशोधनाचें साहाय्यकपण देण्याची मुभा दिली. माझ्या मतें, ह्या साहाय्यकपणांत जुन्या उमेदवारीचें बीज आहे. तें नीट वापरलें तर अध्यापनाच्या स्वतंत्र वर्गापेक्षां अधिक फळ देईल.

कारण इतिहासाचा धडा, मला दिसतो तो, असा आहे. डॉक्टरेट ज्या ज्या वेळीं जोमदार झाली त्या त्या वेळीं तिच्यापुढें एक साधा प्रश्न स्पष्टपणें मांडलेला होता: हा विद्यार्थी उद्यां कोणतें काम करणार? बोलोन्यानें उत्तर दिलें, तो शिकविणार. हाल्लेनें तेंच सांगितलें. गीसेननें सांगितलें, तो औषधें करील, कारखाना चालवील किंवा स्वतःची प्रयोगशाळा उघडील. ज्या ज्या वेळीं हा प्रश्न सुटला त्या त्या वेळीं पदवी केवळ बिरुद होऊन बसली. ज्ञान शुद्ध राहावें म्हणून व्यवहाराला बाहेर ठेवणारे लोक गीसेनच्या श्रेष्ठींच्या पंक्तीला जाऊन बसतात. उलट, व्यवहार म्हणून संशोधनापासून तोडलेले वर्ग आणि प्रमाणपत्रें वाढविणारे लोक त्याच चुकीची दुसरी बाजू पुढें करतात. लीबिगच्या चौकींत दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर होत्या.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आज मराठवाड्यांतील, विदर्भांतील किंवा कोंकणांतील खेड्यांतून आलेले अनेक विद्यार्थी आपल्या घराण्यांतील पहिलेच पदवीधर असतात. संपादकाला पत्र कसें लिहावें, परिषदेंत आक्षेप आला तर रागावल्याशिवाय उत्तर कसें द्यावें, आपल्या कामासाठीं पैसा कोणाकडे व कसा मागावा, मार्गदर्शकाशीं मतभेद झाला तर तो अदबीनें पण ठामपणें कसा मांडावा, हीं ज्ञानें पुस्तकांत नसतात; तीं सुशिक्षित घरांत जेवतांना कानांवर पडतात. ज्याच्या कानांवर तीं पडलेलीं नाहींत त्याला बुद्धि कमी असते असें नाहीं, परंतु तो मागें पडतो आणि स्वतःलाच दोष देतो. हीं कौशल्यें ज्याची त्यानें शिकून घ्यावीं, असें म्हणणारा प्राध्यापक नकळत जन्मानें मिळालेल्या लाभाचें रक्षण करीत असतो.

तेव्हां करावयाचें तें अवघड असलें तरी गूढ नाहीं. मार्गदर्शकानें आठवड्यांतून एक ठराविक वेळ प्रत्येक विद्यार्थ्याचें काम ऐकण्यास द्यावा आणि विद्यापीठानें तो वेळ त्याच्या कामांत धरावा. विद्यार्थ्याचा पहिला निबंध गुरूनें शेजारीं बसून दुरुस्त करावा. वर्गावर त्याला पाठवावें आणि त्याचा पाठ कोणी जाणत्यानें मागें बसून ऐकावा. विद्यापीठाबाहेर काम करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्या कामाची ओळख करून द्यावी. लेखनाचे वर्ग ज्या त्या विषयाच्या लोकांनीं घ्यावेत. ह्यांतील एकाही गोष्टीला मोठा निधि लागत नाहीं, लागतो तो वेळ. आणि इंग्लंडच्या अनुभवानें हेंही दाखविलें आहे कीं, निधि बंद झाल्यावर टिकून राहतें तें मार्गदर्शकाच्या अंगवळणीं पडलेलें असतें तेवढेंच. दोन लक्षांहून अधिक तरुण आपल्या उमेदीचीं वर्षें ह्या पदवीसाठीं देत आहेत. त्या वर्षांना उमेदवारीचें मोल यावें, एवढी अपेक्षा विद्यापीठांकडून करणें अवाजवी होणार नाहीं.